पहाटे तळ्यातले मासे वर येऊन तोंड मारतात? औषध आणायच्या आधी हे तपासा

लक्षणं आधी सांगतो, कारण निम्मं काम तिथेच होतं.

पहाटे पाच-साडेपाचला तळ्यावर गेलं की मोठे मासे सगळे पाण्याच्या वरच्या थराला, तोंड अर्धं बाहेर, उघडमीट चाललेली, कल्ले जोरजोरात हलतात आणि हात पुढे केला तरी कोणी खाली पळत नाही. पाणी जिथे पडतं तिथे, नाहीतर कारंज्याच्या तोंडाशी, गर्दी झालेली. गोगलगायी पाणी सोडून भिंतीवर चढलेल्या. मग ऊन वर आलं, नऊ-दहा वाजले की सगळे परत खाली, खायला टाकलं तर खातातसुद्धा, म्हणून घरचे म्हणतात की बरे झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. आणि मग एक दिवस सकाळी सगळ्यात मोठा, सगळ्यात जुना कोई (शोभेचा रंगीत कार्प मासा) पोट वर करून तरंगताना दिसतो, लहान गोल्डफिश मात्र ठीकठाक.

जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यात बंगल्यांच्या बागेतली, फार्महाऊसवरची, शाळांच्या आवारातली तळी मी सांभाळतो आणि होळी झाली की हाच फोन सुरू होतो, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास तर रोजच. "भाऊ, मासा वर यी ऱ्हायनात, कोणतं औषध टाकू?" औषध कोणतंच टाकू नका. हा बहुतेक वेळा रोग नसतो, पाण्यातला ऑक्सिजन रात्रीतून संपतो, आणि त्यावर रोगाचं औषध टाकलं तर मासा अजून लवकर जातो, कारण फॉर्मॅलिनसारखी औषधं पाण्यात उरलासुरला ऑक्सिजनही खातात.

का संपतो ते एकदा नीट समजून घ्या, म्हणजे पुढच्या सगळ्या तपासण्या आपोआप डोक्यात बसतील. पाणी जितकं गरम तितका ऑक्सिजन त्यात कमी मावतो. २० अंशाला लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३० अंशाला साडेसात, ३५ अंशाला ७ च्याही खाली. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि दोन-अडीच फुटांचं उथळ तळं दुपारी सहज ३४-३५ अंशावर येतं. कोई-गोल्डफिशला निदान ५ मिलिग्रॅम तरी पाहिजे, ३ च्या खाली गेला की जीव कासावीस. आणि गरम पाण्यात माशाचं शरीर जास्त जोरात चालतं म्हणून त्याला ऑक्सिजन लागतोही जास्त. म्हणजे गरज वाढली आणि साठा घटला. त्यात पाण्यातल्या वनस्पती आणि हिरवं शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतात पण सूर्य मावळला की तेही माशांसारखाच ऑक्सिजन घ्यायला लागतात, रात्रभर घेतात, आणि उजाडायच्या आधी साठा सगळ्यात कमी असतो. लग्नघरी बंद खोलीत पन्नास पाहुणे झोपवले आणि खिडकी उघडी ठेवली नाही तर पहाटे जी अवस्था होईल तीच तळ्याची. मोठे मासे आधी जातात कारण त्यांची गरज जास्त.

आत्ता समोर मासे तडफडत असतील तर वाचणं थांबवा आणि एवढं करा. बादलीने तळ्यातलंच पाणी उचलून हातभर उंचीवरून परत ओता, दहा-पंधरा मिनिटं सलग, घरात पोरं असतील तर त्यांना लावा. कारंजं किंवा एअर पंप असेल तर चालू करा. खायला काही टाकू नका. आणि घाबरून बोअरचा पाइप लावून अर्धं तळं एकदम बदलू नका, का ते खाली येतंच.

पहिली तपासणी फुकट आहे: घड्याळ आणि डोळे

एक दिवस पहाटे साडेपाचला बघा, त्याच दिवशी सकाळी दहाला बघा, आणि दुपारी चारला बघा. फक्त पहाटे वर आणि दहापर्यंत खाली, हे ऑक्सिजनचं. दिवसभर वर, दुपारी चारलाही वर, कल्ले लालभडक किंवा चॉकलेटी, मासे कोपऱ्यात पंख मिटून, तर मामला अमोनिया-नायट्राईटचा (माशांची घाण आणि कुजलेला खाऊ यांतून पाण्यात तयार होणारी विषं), त्यासाठी खाली टेस्ट किटवाला भाग वाचा. एक-दोनच मासे वर आणि बाकीचे मजेत, वर आलेला मासा अंग दगडाला घासतो, अंगावर पांढरे ठिपके किंवा जखम, तर तो रोग किंवा परजीवी, ते वेगळं प्रकरण. आणि अचानक, कोणत्याही वेळेला, मासे वेडेवाकडे पळतात, उड्या मारतात, आणि लहान मासे आधी मरतात, तर विषाचा संशय घ्या.

गप्पीवरून अंदाज करू नका. गप्पी वरच्याच थरात राहतो, त्याचं तोंडच वरच्या बाजूला असतं आणि अगदी वरच्या पातळ थरातलं पाणी घेऊन तो तग धरतो. गुरामी आणि मरळ तर हवा घ्यायला वर येणारच, तो त्यांचा स्वभाव. बघायचं ते कोई, गोल्डफिश, रोहू-कटला असेल तर ते.

खाणं आणि कचरा

हेही फुकट. संध्याकाळी फिरून आल्यावर तळ्याकाठी बसून मूठमूठ खाऊ टाकायची सवय खूप घरांत आहे, आणि पाहुण्यांच्या पोरांना तर तेच आकर्षण. माशाने खाल्लं की पुढचे काही तास पचवायला त्याला जास्त ऑक्सिजन लागतो, आणि जे खाल्लं नाही ते तळाशी कुजतं, कुजायलाही ऑक्सिजनच लागतो, म्हणजे नेमक्या रात्री दुप्पट खर्च. उन्हाळ्यात एकदाच खायला द्या, सकाळी नऊ-दहाला, मासे खाली गेल्यावर, आणि दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. चपातीचे तुकडे, मुरमुरे, ब्रेड बंद. ज्या पहाटे मासे वर आले त्या दिवशी उपास, मासा आठवडाभर उपाशी राहिला तरी काही होत नाही, पण खाऊन घुसमटला तर वाचत नाही. तरंगती पानं, कडुनिंबाचा पाला (चैत्रात फार पडतो), बोगनवेलीची फुलं जाळीने रोज काढा. नुसतं एवढं केल्याने आठवड्यात तोंड मारणं थांबलेली तळी मी बघितलीयेत.

झाडं किती, ते मोजा

जलपर्णी हे इथलं सगळ्यात मोठं दुखणं. कोणीतरी नदीवरून चार रोपं आणतं, जांभळी फुलं छान दिसतात, आणि एप्रिलपर्यंत तळं काठोकाठ हिरवं. घरचे म्हणतात सावली झाली, मासे गार राहतील. सावली होते हे खरं, पण पाण्याचा हवेशी संबंध तुटतो, मुळांना चिकटलेला गाळ कुजतो, आणि पानं ऑक्सिजन हवेत सोडतात, पाण्यात नाही. पाण्याचा निम्म्याहून जास्त भाग झाकलेला असेल तर हाताने काढा, अर्धा मोकळा दिसला पाहिजे. काढलेली जलपर्णी नाल्यात किंवा नदीत टाकू नका, खड्ड्यात कंपोस्ट करा, उन्हात वाळवून केळीच्या बुडाशी आच्छादन म्हणून चांगली जाते. कमळ आणि कुमुद यांची पानंही मोजा, जुनी, पिवळी, कडेने जळलेली पानं देठासकट काढा.

पाणी पालकाच्या सूपासारखं हिरवं झालं असेल तर कोपरापर्यंत हात बुडवा. बोटं दिसत नसतील तर शेवाळ फार झालंय. इथे मात्र हात आखडता घ्या. आपण शेतकरी माणसं, घरात मोरचूद असतंच, आणि हिरवं पाणी दिसलं की चिमूटभर टाकायचा मोह होतो. मोरचुदातलं तांबं माशाला विष आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे शेवाळ एकदम मेलं की ते सगळं एकदम कुजतं आणि त्या रात्री ऑक्सिजन शून्याला टेकतो. हिरवं पाणी अचानक तपकिरी किंवा स्वच्छ झालं, काही न करता, तरी त्या रात्री पंप बंद करू नका, शेवाळ मेल्याची ती खूण असते. ब्लीचिंग पावडर, फिनेल यांचं तर नावच नको.

कारंजं कधी चालतं?

हा प्रश्न मी प्रत्येक घरी विचारतो आणि उत्तर जवळपास सगळीकडे सारखंच. संध्याकाळी सहा ते नऊ, लाइट लावून, बसायला छान वाटतं म्हणून, आणि झोपताना बंद, आवाज येतो आणि बिल येतं म्हणून. म्हणजे तळ्याला ज्या वेळेला श्वास हवा त्याच वेळेला आपण बटण बंद करतो. रात्री अकरा ते सकाळी आठ, ही कारंज्याची खरी ड्युटी. उलटं करून बघा, एकाच रात्रीत फरक दिसतो. आवाज नको असेल तर कारंज्याचा नोझल काढून पाइपचं तोंड पाण्याच्या पातळीच्या जरा खाली तिरकं ठेवा, वरचं पाणी नुसतं हलत राहिलं तरी पुरे, कारण ऑक्सिजन वरच्या पृष्ठभागातून आत जातो.

कारंजं नसेल तर छोटा एअर पंप घ्या, तो ५-१० वॉट खातो, म्हणजे रात्रभराचं बिल नगण्य. दोन गोष्टी सांभाळा. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत नॉन रिटर्न व्हॉल्व्ह टाका, नाहीतर लाइट गेली की पाणी उलटं चढून पंपात येतं. आणि एअर स्टोन (नळीच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा दगड) गाळात ठेवू नका, मध्यात लटकवा, खाली ठेवला तर गाळ उसळतो.

आता लाइटचा विषय. लोडशेडिंग, नाहीतर मे महिन्यात वादळाने तार तुटली की अख्खी रात्र अंधार, आणि मासे नेमके त्याच रात्री जातात. घरात इन्व्हर्टर असेल तर एअर पंपाची लाइन त्यावर घ्या. नसेल तर यूएसबीवर चालणारा छोटा एअर पंप मिळतो, पॉवर बँकेवर रात्र काढतो. ज्यांच्याकडे मोठे कोई आहेत त्यांनी हा घरात ठेवावाच.

पंप चालू आहे पण पाणी बारीक पडतंय, तर प्लग काढून मग पंप बाहेर काढा. आपल्या बोअरच्या पाण्याला क्षार फार, गीझर-कूलरची जी गत होते तीच पंपाच्या पंख्याची, पांढरा थर बसून पंखा जाम. पंखा लिंबू फुलाच्या (सायट्रिक अॅसिडच्या) पाण्यात तासभर बुडवून ब्रशने घासा, नीट धुवा, मग लावा. फिल्टरचा फोम मात्र नळाखाली धुवायचा नाही, बादलीत तळ्याचंच पाणी घेऊन पिळायचा. फोममध्ये अमोनिया खाणारे बॅक्टेरिया राहतात आणि नळाच्या क्लोरीनने ते मरतात, मग फोम चकाचक आणि पाणी आठवड्यात विषारी.

उष्णता

एक साधा थर्मामीटर दोरीला बांधून एकदा वर आणि एकदा तळाशी, दुपारी चारला. ३२ च्या वर गेलं तर सावली हवी. शेडनेट आपल्याकडे केळी-पपईच्या नर्सऱ्यांमुळे कुठेही मिळते, ५० टक्के सावलीची घ्या. पण सगळं तळं झाकू नका, कमळ-कुमुदला फुलायला पाच-सहा तास ऊन लागतंच, तळं झाकलं की कळ्या धरत नाहीत आणि मग लोक खत टाकत बसतात. पश्चिमेच्या बाजूने तिरकी बांधा, म्हणजे सकाळचं ऊन आत येतं आणि दुपारी एकनंतरचं तापतं ऊन अडतं. होळीला बांधायची, मृगाचा पाऊस पडला की काढायची. नेट पाण्यापासून चार-पाच फूट उंच हवी, खाली टेकवली तर वारा अडतो.

तळं अजून बांधायचं असेल तर खोली निदान तीन फूट घ्या, एक कोपरा चार फुटांचा केला तर उत्तमच. उथळ तळं खान्देशातल्या उन्हाळ्यात टिकवणं फार कष्टाचं आहे. आणि सिमेंटचं नवं तळं असेल तर मासे लगेच सोडू नका, सिमेंटमधला चुना पाण्यात उतरून पीएच (पाण्याचा आम्ल-अल्कपणा सांगणारा आकडा) खूप चढतो, तीन-चार वेळा भरून, काही दिवस ठेवून, उपसून टाकल्यावर आणि पीएच बघितल्यावरच मासे.

बर्फ टाकू का, असं विचारतात. टाकायचाच असेल तर बाटलीत पाणी गोठवून ती बंद बाटली तरंगत सोडा, आणि तापमान दोन-तीन अंशांपेक्षा जास्त उतरवू नका, एकदम गार झालं तर तोही धक्काच.

भरायचं पाणी कुठून येतं

उन्हाळ्यात आपल्याकडे तळ्यातून रोज सेंटीमीटरच्या आसपास पाणी वाफ होऊन जातं, म्हणून भरणी रोजची. इथे तीन वेगवेगळ्या चुका होतात.

दुपारी पाइप लावला तर आधी पाइपातलं पाणी येतं. उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातलं ते पाणी हाताला चटका देणारं असतं, पहिली दोन मिनिटं ते आंब्याला नाहीतर जास्वंदीला जाऊ द्या, हाताला गार लागलं की मग तळ्यात. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी मे महिन्यात दुपारी वापरूच नका, पहाटे वापरा.

बोअरचं पाणी गार असतं पण खोल जमिनीतून येताना त्यात ऑक्सिजन जवळपास नसतो आणि कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो. मासे तडफडताना असं पाणी खालून सोडलं तर उलट लवकर मरतात. पाइपाला बारीक छिद्रांचा शॉवर लावा, किंवा पाणी दगडांवरून, उतरत्या फरशीवरून खळाळत येऊ द्या, म्हणजे वायू बाहेर पडतो आणि हवा मिसळते.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. टाकीत एक दिवस उघडं ठेवा किंवा माशांच्या दुकानात अँटीक्लोरीन मिळतं ते वापरा. तळ्याच्या एक दशांशापर्यंतची भरणी हळूहळू केली तर सहसा चालून जाते, पण चतुर्थांश पाणी बदलायचं असेल तर क्लोरीन काढूनच.

आणि नुसती भरणी करत राहू नका. वाफ होऊन शुद्ध पाणी जातं, क्षार मागे राहतात, आपण पुन्हा क्षाराचं पाणी टाकतो, मेअखेर तळ्याच्या कडेला पांढरी पट्टी दिसते ती हीच, आणि कुमुदची पानं कडेने तपकिरी पडतात तीही यामुळेच. म्हणून दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी खालून काढून बागेला द्या (झाडांना ते खतासारखं लागतं) आणि मग नवं भरा.

आता पैसे खर्चायची वेळ: टेस्ट किट

वरचं सगळं केलं, रात्री पंप चालतोय, तरी मासे वर. तर थेंबांचं टेस्ट किट आणा, पीएच, अमोनिया आणि नायट्राईट तिन्हीचं. पट्ट्यांपेक्षा थेंबांचं बरं. आधी तळ्यात पाणी किती ते काढा, पुढे प्रत्येक गोष्टीला लागतं. लांबी, रुंदी, खोली फुटांत मोजून गुणाकार करा आणि त्याला २८ ने गुणा, लिटर आले. ८ बाय ५, अडीच फूट खोल म्हणजे २,८०० लिटर.

अमोनिया वाचताना पीएचशिवाय वाचू नका. ३० अंशाच्या पाण्यात पीएच साडेसात असेल तर मोजलेल्या अमोनियातला अडीच टक्क्यांच्या आसपास भाग विषारी रूपात असतो, पीएच साडेआठ असेल तर तोच २० टक्क्यांवर जातो. म्हणजे किटवर आकडा तोच, पण एका तळ्यात मासे खेळतात आणि दुसऱ्यात मरतात. हिरव्या पाण्याच्या तळ्यात दुपारी पीएच चढतो, म्हणून पहाटे आणि दुपारी दोन्ही वेळेला मोजा. अमोनिया दिसला तर खाऊ बंद, आणि रोज पाचवा हिस्सा पाणी बदला, एकदम सगळं बदलू नका.

नायट्राईट दिसला आणि कल्ले चॉकलेटी असतील तर साधं खडे मीठ, लिटरमागे १ ग्रॅम, म्हणजे वरच्या तळ्याला २ किलो ८०० ग्रॅम, बादलीत विरघळवून दोन-तीन दिवसांत वाटून टाकायचं, कमळाच्या कुंडीजवळ ओतायचं नाही. मीठ नायट्राईटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. पण ते एकदाच. मीठ उडून जात नाही, पाणी बदललं तेवढंच कमी होतं, त्यामुळे दर महिन्याला सवयीने मीठ टाकणाऱ्यांच्या तळ्यातली झाडं हळूहळू जातात.

इथेच मासे मोजा. गोल्डफिशला शंभर-दीडशे लिटर प्रत्येकी, मोठ्या कोईला हजार लिटर. २,८०० लिटरमध्ये हातभर लांबीचे आठ कोई असतील तर कोणतंही यंत्र कायमचं पुरं पडणार नाही, थोडे कोणाला तरी द्या. आणताना बोटाएवढे असतात म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

गाळ

हे शेवटी, कारण कष्टाचं आणि चुकलं तर सगळ्यात जास्त नुकसान करणारं. बांबूची काठी तळाला टेकवा, वर काढून बघा काळा थर कुठपर्यंत लागला. तीन-चार बोटांहून जास्त असेल आणि काठीला सडक्या अंड्यासारखा वास असेल तर उन्हाळ्यातल्या त्रासाचं मूळ तिथेच, तो गाळ रात्रंदिवस ऑक्सिजन खातो. पण मे महिन्यात तो ढवळायचा नाही. उसळलेल्या गाळातून विषारी वायू सुटतो आणि आधीच कमी असलेला ऑक्सिजन तासाभरात जातो. मेमध्ये मासे वर येत असतील तर पंप, सावली, उपास यांवर पावसापर्यंत दिवस काढा आणि गाळ दिवाळीनंतर किंवा फेब्रुवारीत काढा. तेव्हाही एका वेळेला तिसरा हिस्सा, मग दोन-तीन आठवडे थांबून पुढचा. मासे टबमध्ये, त्याच तळ्याच्या पाण्यात, एअर स्टोन लावून, वर जाळी टाकून ठेवा, कोई उडी मारतो. गाळ गुलाबाला, केळीला घाला.

गाळ होतो कशाने, तर हिवाळ्यात दुर्लक्षाने. धुळे-साक्रीकडे जानेवारीत पहाट १० अंशांच्या खाली जाते, आपल्याकडेही थंडी असतेच, कमळाची पानं सुकून आडवी होतात आणि लोक ती तशीच पाण्यात कुजू देतात. सुकलेली पानं काढा, पण कमळाचे देठ पाण्याच्या पातळीच्या वर कापा, ते पोकळ असतात, पाण्याखाली कापले तर पाणी आत जाऊन कंद सडतो. पाणी १२ अंशांच्या खाली असेल तर माशांना खाऊ बंद, त्यांना पचत नाही आणि सगळं तळाशी जातं. गप्पी-मोली थंडीला नाजूक, पाणी १५ च्या खाली जात असेल तर थोडे आत टबमध्ये आणून ठेवा.

पावसाळ्यातही हेच का होतं

उन्हाळा संपला म्हणून पंप काढून ठेवतात आणि जूनमधल्या पहिल्या जोराच्या पावसाच्या दुसऱ्या पहाटे मासे वर. गार पावसाचं पाणी जड, ते खाली जातं आणि तळाचं ऑक्सिजन नसलेलं पाणी वर येतं. शिवाय गच्चीवरची आठ महिन्यांची धूळ, कबुतरांची घाण पन्हाळीतून थेट तळ्यात. पहिल्या दोन-तीन पावसांत पन्हाळीचा पाइप दुसरीकडे वळवा. श्रावणात सलग तीन-चार दिवस झाकोळलेलं असलं की झाडं दिवसाही ऑक्सिजन कमी बनवतात, तेव्हा पंप दिवसरात्र ठेवा. कुंड्यांचं शेणखत, युरिया पावसात वाहून तळ्यात उतरत नाही ना, तेही बघा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पाण्यात हात घातला आणि झिणझिण्या आल्या, किंचित जरी, तर दुसऱ्यांदा हात घालून खात्री करू नका. मेन बंद करा, इलेक्ट्रिशियन बोलवा, आणि तळ्याच्या लाइनला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. पंप कितीही चांगला असो, ओल्या जागेत त्याशिवाय चालवू नये.

अंगावर खोल जखमा, फुगलेलं पोट आणि उभे राहिलेले खवले, बाहेर आलेले डोळे, हे दिसलं की अंदाजाने अँटिबायोटिक टाकू नका. आजारी मासा वेगळ्या टबमध्ये काढा, फोटो आणि पाण्याच्या टेस्टचे आकडे घेऊन जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याच्या ऑफिसला किंवा माशांचं कळणाऱ्या पशुवैद्याला विचारा. सगळं करून आठवडा झाला आणि अमोनिया १ च्या खाली येत नाही, तेव्हाही तेच. तळ्याला भेग जाऊन पाणी रोज चार बोटं उतरत असेल तर वॉटरप्रूफिंगवाला, वरून सिमेंट थापून ते थांबत नाही. बोअरच्या पाण्याचाच संशय असेल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासून मिळतं.

आणि विषाचा संशय. बाजूच्या कपाशीवर किंवा केळीवर फवारणी झाली, वारा तुमच्याकडे होता, किंवा डेंग्यूसाठी गल्लीत धुराची फवारणी झाली आणि काही तासांत मासे, बेडकाची पिल्लं, पाणकिडे सगळेच गेले, तर पाणी ढवळू नका, त्याला हात लावायचाच तर हातमोजे घाला, गुरं आणि कुत्री लांब बांधा, मेलेले मासे कोणी खाणार नाही हे बघा. तळ्यातलं पाणी स्वच्छ धुतलेल्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा, वर तारीख आणि वेळ लिहा, नुकताच मेलेला एक मासा वेगळ्या पिशवीत बर्फात ठेवा, आणि दोन्ही त्याच दिवशी मत्स्यव्यवसाय ऑफिसला न्या, जवळ असेल तर कृषी विज्ञान केंद्रालाही विचारा, जळगाव जिल्ह्यात पाल आणि ममुराबाद दोन्हीकडे आहे. फवारणीची आगाऊ खबर मिळाली तर त्या दिवशी तळ्यावर प्लास्टिकचा कागद टाका, एअर पंप उचलून घरात ठेवा आणि नळी तेवढी तळ्यात जाऊ द्या म्हणजे तो बाहेरची हवा ओढणार नाही, आणि वास पूर्ण गेल्यावरच कागद काढा.